रकाना चार : वाहन कोणी सुरू केले

सरकारी जीप ही सुरू होण्यासाठी नसते, ती असण्यासाठी असते. हे एकदा नीट समजून घेतलं की माणसाच्या मनाला शांती मिळते आणि रक्तदाब खाली येतो.

पांढुर्ण्याच्या भूजलपातळी अवलोकन उपकार्यालयाला ही शांती १९८४ सालीच लाभली होती. त्या वर्षी जीपची किल्ली कुलपातच तुटली. अर्धी किल्ली कुलपात राहिली. उरलेली अर्धी मागणीपत्राला दोऱ्याने बांधून सौंसरला गेली, सौंसरहून छिंदवाड्याला आणि तिथून भोपाळला. (या भागात परवानगी भोपाळहून येते आणि सामान नागपूरहून. भोपाळ हिंदीत नाही म्हणतं, नागपूर मराठीत हो म्हणतं, आणि माणूस दोघांच्या मधोमध तिगावच्या फलाटावर गाडीची वाट पाहत उभा असतो.)

तोवर धक्का. धक्क्याची रीतसर पाळी होती : दोन कारकून, एक अनुरेखक, एक शिपाई. पाळीवर हजर नसलेल्याने कारण लेखी द्यायचं. या व्यवस्थेमुळे कर्मचाऱ्यांची प्रकृती सुधारली आणि तीन वर्षांत तापाच्या रजा एकोणीस टक्क्यांनी घटल्या. (कंबरेच्या रजा दुपटीने वाढल्या, पण कंबर वेगळ्या तक्त्यात येते.)

कार्यालयाचं काम सोपं आणि पवित्र होतं. गावोगावच्या विहिरींत टेप सोडायची आणि पाणी किती खाली गेलं ते लिहायचं. पाणी दरवर्षी खाली जात होतं, कार्यालय दरवर्षी ते लिहीत होतं. लिहिण्याने पाणी वर आलं नाही हे खरं, पण त्याच्या खाली जाण्यात एक शिस्त आली.

या जीपचा चालक शालिकराम सोमकुंवर. चौदा वर्षं चालक, चौदा वर्षं रोजंदारीवर. म्हणजे तो रोज सकाळी नव्याने नोकरीला लागत असे आणि रोज संध्याकाळी नोकरीतून सुटत असे. इतक्या वेळा नोकरी मिळवलेला माणूस उभ्या जिल्ह्यात नव्हता, आणि हे तो स्वतःच लोकांना सांगे. शालिकरामचं स्वतःबद्दलचं मत फार चांगलं होतं. पुढे म्हातारपणी हीच हकिकत सांगताना तो स्वतःला 'तो शहाणा' म्हणू लागला. "मंग त्या शहाण्यानं काय केलं," असं म्हणून तो विडी पेटवायचा, आणि ऐकणाऱ्याला बराच वेळ कळत नसे की शहाणा समोरच बसला आहे.

१९८७ च्या थंडीत भोपाळहून एक परिपत्रक आलं. (किल्ली आली नाही. परिपत्रकाला पेट्रोल लागत नाही.) ज्या दैनिक वेतन चालकाने सलग तीस दिवस वाहन स्वतः सुरू केल्याची नोंद वाहन-नोंदवहीच्या रकाना चारमध्ये असेल, त्याला कायम करावं, असं त्यात होतं.

रकाना चार म्हणजे 'वाहन कोणी सुरू केले'. आता नोंदवही उघडली तर तिथे गेली तीन वर्षं धक्का मारणाऱ्या चौघांची नावं होती. त्यात चूक कोणाची नव्हती. जीप सुरू केली ती धक्का मारणाऱ्यांनी. शालिकराम आत बसून फक्त क्लच सोडायचा, आणि क्लच सोडणाऱ्यासाठी रकाना नव्हता.

"चौदा वर्सं झाले," त्याची बायको शांताबाई म्हणाली, "तुमच्या हजेरीच्या चिठ्ठ्यांनी माही पेटी भरली. कायम झाले तं म्हातारपणी पेन्शन भेटन. नाही झाले तं त्याच चिठ्ठ्या चुलीत घालून चहा करून देईन. दोन वर्सं पुरतीन."

"होते व. करून राहिलो ना मी."

"काय करून राहिले?"

"विचार."

"मंग झालंच," शांताबाई म्हणाली आणि कापूस वेचायला निघून गेली.

विचाराची गरज पडली नाही, कारण दुबई मदतीला आली. कार्यालय ज्या घराच्या खालच्या मजल्यावर भाड्याने होतं, त्या घराचे मालक केशवराव, संत्र्याचे व्यापारी, वरच्या मजल्यावर राहत. अंगणात त्यांची फियाट उभी असे आणि फाटकात सरकारी जीप. जीप निघाल्याशिवाय फियाट निघत नसे. केशवरावांच्या आयुष्यातल्या कितीतरी सकाळी चार सरकारी पाठी पाहण्यात गेल्या होत्या. त्यांचा साळा दुबईहून आला तो एका खोक्यात दोन नवलाचे डबे घेऊन. डबा गाडीत बसवायचा, बटण खिशात ठेवायचं. लांबून बटण दाबलं की गाडी आपली आपण सुरू. किल्ली नको, धक्का नको, भोपाळ नको.

एक डबा केशवरावांनी फियाटला लावायचं ठरवलं. दुसरा त्यांनी सरकारला दान केला. (दानाची पावती मिळाली. तीत वस्तूचं नाव 'विद्युत घंटी' असं आहे, कारण छापील यादीत त्याच्या जवळचं दुसरं काही नव्हतं.)

डबे बसवले अरविंदने. बाजारात रेडिओ दुरुस्तीचं दुकान असलेला हा माणूस कोणत्याही यंत्राला आधी कान लावायचा. दोन्ही डबे उघडून त्याने निरखले आणि मान हलवली.

"काका, दोन्हीचा नंबर एकच हाये. एकाच लहरीवर चालतीन हे दोघं. एकाचं बटण दाबलं तं दुसऱ्यालेही ऐकू जाईन. थांबता काय? नागपूरहून दुसरा क्रिस्टल आणतो. धा-बारा दिवस लागतीन."

इथे त्या शहाण्याने जे उत्तर दिलं ते सोन्याच्या अक्षरांत कोरावं असं आहे.

"एकच नंबर हाये? अरे, मंग तं चांगलंच हाये ना बाबू! एक बटण हरवलं तं दुसरं कामात येईन."

अरविंदने त्याच्याकडे पाहिलं, मग डब्याकडे पाहिलं, आणि पेचकस फिरवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला सगळं कार्यालय फाटकाजवळ जमलं. शालिकरामने आधीच कोणाला न कळत जीप न्यूट्रलमध्ये टाकून चाकांना दोन दगड लावले होते. बटण खमिसाच्या आतल्या खिशात. तो जीपपासून वीस पावलं दूर उभा राहिला, छातीवर हात ठेवला आणि म्हणाला, "ऊठ व भवाने."

जीप उठली.

धक्क्याच्या गणातला एक कारकून रडला म्हणतात. दुबईचा डबा म्हणून सांगितलं असतं तर गोष्ट तिथेच संपली असती. पण शालिकरामने सांगितलं ते असं : जनावर चौदा वर्षं एका हाताखाली राहिलं की त्याला आवाज कळतो. लोखंडही शेवटी जमिनीतूनच निघालेलं आहे. संध्याकाळपर्यंत ही बातमी जाम नदीपलीकडे सावरगावात पोचली आणि दुसऱ्या दिवशी मोहगावचे दोन जण अडलेलं कडबा-यंत्र बैलगाडीत घालून त्याला दाखवायला घेऊन आले. शालिकरामने यंत्राशी चार शब्द बोलून पाहिले. "हे अजून नवीन हाये," तो म्हणाला. "येळ लागन."

इकडे फियाटही त्याच क्षणी अंगणात सुरू झाली होती. केशवरावांना वाटलं बायकोने दाबलं, बायकोला वाटलं नवऱ्याने. दोघांनी एकमेकांना बरंच ऐकवलं आणि गाडी बंद केली.

केशवरावांच्या पत्नी चंद्रकलाबाई नियमाच्या पक्क्या. थंडीत इंजीन रोज सकाळी गरम केलं पाहिजे असं भाऊ सांगून गेला होता. दुसऱ्या दिवसापासून, म्हणजे तीस दिवसांची मोजणी सुरू झाली त्याच सकाळपासून, रोज सात वाजता त्या गच्चीत येत, बटण दाबत, फियाट घुरघुरली की आत जाऊन दिनदर्शिकेवर त्या तारखेला बरोबरची खूण करत.

आता सरकारी जीप उभी करण्याची पद्धत सांगितली पाहिजे. जीपला हँडब्रेक नव्हता. (होता, पण तो १९८१ पासून दुरुस्तीला गेला आहे. एकटाच.) गल्ली उताराची. म्हणून लेखी आदेश असा की वाहन पहिल्या गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावावा. शालिकराम संध्याकाळी घरी जाताना आदेश पाळून जाई. गिअरमध्ये उभ्या जीपचा सेल्फ फिरला की जीप काय करते, हे आदेश लिहिणाऱ्याला माहीत असण्याचं कारण नव्हतं. गिअरमध्ये असलेली जीप सुरू होते आणि जाते.

पहिल्या सकाळी ती दगड ओलांडून संत्र्याच्या अकरा पेट्यांवरून जाऊन खांबाला टेकली. दुसऱ्या सकाळी खांब जवळ असल्याने कमी गेली. शालिकरामला कळायला दोन सकाळी पुरल्या. तो अरविंदच्या दुकानात गेला.

"काय गा, तो क्रिस्टल..."

"डबा काढा लागन काका. धा-बारा दिवस जीप उभी."

म्हणजे तीस दिवस तुटले. पुन्हा पहिल्यापासून धरावेत तर परिपत्रकाची मुदत महिनाअखेर संपत होती. जीप रात्रभर न्यूट्रलमध्ये सोडावी तर लेखी आदेश मोडत होता. शालिकरामने दुकानाच्या फळीवर बसून बोटांवर दिवस मोजले. मग म्हणाला, "राहू दे. मीच येतो सकाळी."

तेव्हापासून तो रोज पावणेसातला येऊ लागला. जीपमध्ये चढायचं, गिअर न्यूट्रलमध्ये टाकायचा, ब्रेकवर पाय ठेवायचा आणि वर गच्चीकडे न बघता बसायचं. सातला चंद्रकलाबाई बटण दाबत. जीप सुरू होई. शालिकराम नोंदवही उघडून रकाना चारमध्ये स्वतःचं नाव लिही. दुबईच्या त्या शोधामुळे जगात कुठेही माणूस गाडीपासून लांब जाऊ शकत होता. पांढुर्ण्यात मात्र त्याने एका माणसाला सूर्य उगवायच्या आत गाडीत आणून बसवलं.

"भाऊजी फार मेहनती हायेत," चंद्रकलाबाई वरून म्हणत. "रोज माह्या आधी हजर!"

"ड्युटी हाये ना वहिनी," शालिकराम म्हणे, ब्रेकवरचा पाय न उचलता.

पण पाहुण्यांना ठरलेली वेळ नसते. चंद्रकलाबाईंकडे जो येईल त्याला त्या बटण दाखवत. एकोणिसाव्या दिवशी दुपारी शालिकराम, पेट्रोलची मंजुरी न आल्याने, सावरगावच्या विहिरीत टेप सोडायला पायी गेला होता. चंद्रकलाबाईंची नणंद सौंसरहून आली. बटण दाबलं गेलं. जीप फाटकातून निघाली आणि बडे बाबू श्रीधर यांच्या सायकलवर चढून थांबली. श्रीधरबाबूंची सायकल ही त्या कार्यालयातली एकमेव वस्तू होती जी रोज सुरू होत असे.

शालिकराम परतला तेव्हा श्रीधरबाबू नोंदवही उघडून बसले होते.

"शालिकराम, दुपारी दोन वाजता तू कुठं होता?"

"सावरगावात. टेप विहिरीत होती, साहेब."

"मग जीप कोणी सुरू केली?"

शालिकरामच्या डोळ्यांपुढे तीस दिवस उभे राहिले, त्यातले अकरा बाकी. शांताबाईची पेटी उभी राहिली. खरं बोलायला एक श्वास पुरला असता. तो शहाणा म्हणाला, "मीच."

"सावरगावातून?"

"मनात आलं होतं साहेब. म्हणलं, भवानी एकटी उभी असन. तेवढ्यात ऐकलं असन तिनं."

श्रीधरबाबू सरळ माणूस होते. त्यांना विनोद कळत नसे आणि खोटंही कळत नसे. त्यांना फक्त नोंद कळत असे. त्यांनी लिहिलं : 'चालकाच्या मनात आल्याने, नदीपलीकडून.' मग थोडा विचार करून समासात लिहिलं, 'अंतर तपासावे.'

अंतर तपासण्यासाठी ते दुसऱ्या दिवसापासून खिडकीशी बसले. (सायकल गेल्यावर त्यांनी दिवसापुरता आदेश बदलला : न्यूट्रल आणि चार दगड.) जीप सुरू झाली की वेळ लिहायची, शालिकराम किती पावलांवर आहे ते लिहायचं, आणि निष्काळजीपणाचा ठपका नको म्हणून त्या वेळी आसपास जे जे दिसेल तेही लिहायचं. गाय, पोस्टमन, वरच्या गच्चीत चंद्रकलाबाई. अकरा दिवसांत जीप सदतीस वेळा सुरू झाली. गाय चार वेळा होती, पोस्टमन दोनदा. चंद्रकलाबाई एकोणतीस वेळा.

तिसाव्या दिवशी सौंसरहून बडे साहेब तपासणीला आले. अंगणात खुर्ची टाकली. सगळं कार्यालय रांगेत. अरविंद बोलावल्याशिवाय आला होता. शांताबाई धुतलेलं लुगडं नेसून फाटकाबाहेर उभी होती. आत यायला सांगितलं तरी आली नाही. "कागद भेटू द्या, मंग येतो," ती म्हणाली.

"चलिए, गाडी चालू कीजिए," साहेब म्हणाले.

शालिकराम वीस पावलं मागे गेला, छातीवर हात ठेवला. "ऊठ व भवाने."

जीप उठली नाही.

वर गच्चीत चंद्रकलाबाई उभ्या होत्या. भाऊजींची आज परीक्षा आहे हे त्यांना ठाऊक होतं. जीप अडून बसू नये, आपली फियाट सुरू झालेली पाहून तिलाही लाज वाटावी, अशा चांगल्या हेतूने त्यांनी शालिकरामने छातीवर हात ठेवताच बटण दाबून धरलं होतं.

"ऊठ ना व!" शालिकरामने खिसा दाबला.

काही नाही. फियाटही नाही.

अरविंद मागून येऊन कानाशी लागला. "काका, वहिनीही दाबून राहिल्या. दोघं संगं दाबले तं कोणाचंच नाही चालत. एका विहिरीत दोघं एकदम ओरडले तं खालच्याले काय समजन?"

शालिकरामने हात सोडला की वर चंद्रकलाबाई दम घ्यायला हात सोडत. तो पुन्हा दाबी तेव्हा त्याही पुन्हा दाबत. इतका ताल त्या दोघांचा तीस सकाळींत जमून गेला होता. साहेबांनी घड्याळ पाहिलं. शांताबाई फाटकाला धरून उभी होती.

शालिकरामने वर पाहिलं. महिनाभरात पहिल्यांदा.

"वहिनी! दाबू नका व! तुमच्याच बटणानं चालू होते ही जीप!"

चंद्रकलाबाईंनी बटणाकडे पाहिलं आणि ते विंचू असावा तसं कठड्यावर ठेवलं. शालिकरामने खिसा दाबला. जीप सुरू झाली. तिच्या मागोमाग फियाट सुरू झाली. दोन्ही गाड्या शेजारी शेजारी घुरघुरत उभ्या राहिल्या आणि शालिकराम म्हणाला, "साहेब, चूक माही हाये. अरविंद नाही म्हणे, मीच म्हणलं चालते."

साहेब रागावले नाहीत. ते अनुभवी होते. त्यांनी श्रीधरबाबूंच्या नोंदी मागवल्या. त्या अपुऱ्या पडल्या तेव्हा चंद्रकलाबाईंनी स्वतः दिनदर्शिका आणून दिली. "पाहून घ्या साहेब, एक दिवस चुकली नाही मी. रविवारीही नाही." तीस तारखांवर तीस खुणा. मग साहेबांनी निर्णय दिला आणि तो इतका स्वच्छ होता की कोणाला बोट ठेवायला जागा उरली नाही. वाहन दिवसातून एकदाच सुरू होतं. नंतर जे होतं तो पुनरारंभ, त्याला रकाना नाही. रोजचा पहिला आरंभ सकाळी सातचा. तो चंद्रकलाबाईंनी केला. सलग तीस दिवस केला. परिपत्रकात 'चालक' म्हणजे वाहन सुरू करणारा असं आहे, चालवणारा असा उल्लेख कुठेच नाही.

"लेकिन साहब," श्रीधरबाबू म्हणाले, "आदमी तो शालिकराम है।"

"बाबूजी, हम आदमी को नहीं, रजिस्टर की एंट्री को परमानेंट करते हैं।"

चंद्रकलाबाई, पद शासकीय वाहनचालक, कायम. वयाची आणि दैनिक वेतनाची अट शिथिल.

"मले नको बाप्पा तुमची नोकरी!" त्या वरून ओरडल्या. "मले तं स्टेअरिंगही नाही धरता येत!"

पण राजीनामा द्यायला आधी रुजू व्हावं लागतं आणि रुजू व्हायला त्या तयार नव्हत्या. म्हणून त्या दीर्घ रजेवर आहेत असं धरण्यात आलं आणि त्यांच्या रजेच्या काळापुरता बदली चालक म्हणून शालिकराम सोमकुंवर याला नेमण्यात आलं. रोजंदारीवर. फाटकाबाहेर शांताबाईने हे ऐकलं. धुतलेल्या लुगड्याचा पदर कमरेला खोचला आणि ती कामावर गेली.

अन्याय होऊ नये याची मात्र पूर्ण काळजी घेतली गेली. ही सगळी हकिकत जोडून आदेश दारावर चिकटवला आणि खाली तीस दिवसांत हरकती मागवल्या. एक ओळ पुरेल, साध्या कागदावर. शालिकरामला हरकत घेता येईना, कारण त्याचा यात स्वार्थ होता. शांताबाई नातलग. चंद्रकलाबाई लाभार्थी. अरविंद तांत्रिक साक्षीदार. कार्यालयातले सगळे कर्मचारी, म्हणून बाद. नियमाप्रमाणे हरकत घेणारा माणूस असा हवा होता की ज्याचं यातल्या कोणाशी देणंघेणं नाही, आणि ज्याने सगळा मजकूर शेवटपर्यंत वाचला आहे.

असे पुष्कळ आले. दारापुढे उभे राहून त्यांनी सगळं वाचलं. हसले. काहींना तर हसता हसता ठसका लागला, शिपायाने त्यांना पाणी दिलं. "काय मस्त लिहिलं हाये," म्हणत ते आपापल्या कामाला गेले.

मुदत संपल्यावर साहेबांनी शेरा मारला : 'कोणाचीही हरकत नाही.'

त्या 'कोणाचीही'मध्ये तुम्हाला धरलेलं आहे.